‘आहे’ दिसला की ‘हॅव’ नको: इंग्रजी काळांत पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका कशा काढायच्या

‘आय हॅव सीन हिम येस्टरडे.’ ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ ‘आय डिड नॉट वेंट.’

अशी वाक्यं ज्यांच्याकडून होतात, त्यांतल्या बहुतेकांना बाराही काळ पाठ असतात. ‘काळ ओळखा’ या प्रश्नाला त्यांचे गुण जात नाहीत. तोंड उघडलं किंवा ईमेल लिहायला घेतला की मात्र तीच चूक त्याच जागी होते. कुणी दुरुस्त करून दिली तरी आठवड्याभराने ती परत येते. आणखी एकदा तक्ता पाठ करून हे सुटत नाही, कारण चूक तक्त्यातूनच शिरलेली असते.

तक्ता कसा असतो ते आठवा. वर्तमान, भूत, भविष्य असे तीन काळ. प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण असे चार प्रकार. तीन चोक बारा. प्रत्येक घरात इंग्रजी वाक्य आणि शेजारी त्याचं मराठी: मी खातो, मी खात आहे, मी खाल्ले आहे, मी खात आलेलो आहे. यातलं शेवटचं वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. मराठी माणूस असं बोलत नाही. तो म्हणतो, ‘मी पाच वर्षं इथे राहतोय.’ हे खरं वाक्य घेऊन तो तक्त्याकडे जातो तेव्हा ‘राहतोय’च्या सगळ्यात जवळ ‘राहत आहे’चं घर असतं, आणि तिथे ‘आय ॲम लिव्हिंग’ लिहिलेलं असतं. चूक तिथेच ठरून जाते. ‘आहे’ म्हणजे ‘हॅव’, ‘होता’ म्हणजे ‘हॅड’ या जोड्याही याच तक्त्याने लावून दिल्या, आणि बोलीतलं ‘आहे’ आणि ‘होता’ यांतून सतत निसटतं.

म्हणून खाली प्रत्येक चुकीसाठी मराठीतलीच खूण दिली आहे. तुमचं मराठी पक्कं आहे, तेच हत्यार वापरायचं.

‘आहे’ आणि ‘काल’ एकत्र आले की

‘मी कालच फॉर्म भरला आहे.’ मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. ‘काल’ आणि ‘आहे’ शेजारी बसतात, कुणाला खटकत नाही. इंग्रजीत ‘हॅव’ आणि ‘येस्टरडे’ एका वाक्यात बसत नाहीत. ‘हॅव’ वापरलं की बोलणारा आत्ताबद्दल बोलतोय असं ऐकणारा धरतो: फॉर्म भरलेला आहे, आता पुढचं बोला. ‘येस्टरडे’ म्हटलं की तो दिवस मिटला, त्याचा आत्ताशी संबंध तुटला. म्हणून ‘आय हॅव फिल्ड इन द फॉर्म’ बरोबर, ‘आय फिल्ड इन द फॉर्म येस्टरडे’ बरोबर, दोन्हींची खिचडी चूक.

तपासायचं असं. वाक्यात वेळेचा शब्द शोधा आणि विचारा: ही वेळ संपली का? येस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९, ऑन मंडे, व्हेन आय वॉज इन कॉलेज या सगळ्या वेळा संपलेल्या आहेत. इथे साधा भूतकाळ, मराठीत ‘आहे’ असो वा नसो. मुलाखतीत हमखास ऐकू येणारं ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन २०१९’ याच कारणाने चुकतं. साल सांगायचं असेल तर ‘आय कम्प्लीटेड’. साल सांगायचं नसेल तर ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री’.

‘धिस मॉर्निंग’ हा शब्द दोन्हीकडे जातो. सकाळी दहा वाजता बोलत असाल तर सकाळ चालू आहे, ‘आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’ चालेल. संध्याकाळी बोलत असाल तर सकाळ संपली: ‘आय हॅड’.

‘केव्हा’ हा प्रश्नही संपलेल्या वेळेबद्दलच असतो. त्यामुळे ‘व्हेन हॅव यू कम?’ होत नाही, ‘व्हेन डिड यू कम?’ होतं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची, आणि तिच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. मराठीत ‘आहे’ नसतानाही इंग्रजीत ‘हॅव’ लागतं. ‘जेवलास का?’ या प्रश्नात ‘आहे’ कुठे आहे? तरी इंग्रजी ‘हॅव यू ईटन?’ असंच होतं, कारण प्रश्न आत्ताचा आहे, ताट वाढायचं की नाही याचा. ‘अरे, चावी हरवली!’ म्हणजे ‘आय हॅव लॉस्ट माय की’, कारण दार आत्ता बंद आहे. अमेरिकेत बोलताना अशा ठिकाणी साधा भूतकाळही सर्रास चालतो. ‘डिड यू ईट येट?’ तिथे कुणाला चुकीचं वाटत नाही. पण ‘हॅव’सोबत ‘येस्टरडे’ ना लंडनला चालतं ना न्यूयॉर्कला.

‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे

मराठी माणसाच्या इंग्रजीत सगळ्यात जास्त वाया जाणारा शब्द ‘हॅड’ असावा. ‘मी काल नाशिकला गेलो होतो’ याचं ‘आय हॅड गॉन टू नाशिक येस्टरडे’ होतं आणि ऐकणारा इंग्रज पुढच्या वाक्याची वाट पाहत बसतो. ‘हॅड गॉन’ म्हटलं म्हणजे त्यानंतर भूतकाळातच आणखी काहीतरी घडलं, ते कुठे आहे?

मराठीतला ‘होतो’ वेगळं काम करतो. ‘दादा मुंबईला गेलाय’ म्हणजे तो अजून तिथेच आहे. ‘दादा मुंबईला गेला होता’ म्हणजे गेला आणि परत आला, किंवा ती गोष्ट आता मागे पडली. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘ही हॅज गॉन टू मुंबई’. दुसऱ्यासाठी नुसतं ‘ही वेंट टू मुंबई’. आणि ‘कधी गोव्याला गेला आहेस का?’ यात आयुष्यात एकदा तरी जाऊन येणं विचारलं आहे, म्हणून तिथे ‘गॉन’ न येता ‘बीन’ येतं: ‘हॅव यू एव्हर बीन टू गोवा?’

‘हॅड’ ठेवायचा की काढायचा, हे एका प्रश्नाने कळतं: त्याच बोलण्यात भूतकाळातली दुसरी गोष्ट आहे का, आणि ही तिच्या आधीच उरकली होती का? ‘मी स्टेशनवर पोचले तेव्हा गाडी सुटली होती.’ पोचणं आणि सुटणं, दोन गोष्टी, सुटणं आधी. इथे ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’ हवंच. ते काढून ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट’ म्हटलं तर तुम्ही पोचलात आणि मग तुमच्यासमोर गाडी हलली असा अर्थ होतो. दुसरी गोष्ट नसेल तर ‘हॅड’ खोडा. ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ने क्रम आधीच स्पष्ट होत असेल तरी बहुतेक वेळा साधा भूतकाळ पुरतो: ‘आय एट बिफोर आय लेफ्ट.’

‘पासून’ची गाठ

शाळेतला रजेचा अर्ज आठवत असेल: ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स येस्टरडे.’ पिढ्यान्‌पिढ्या हेच वाक्य वहीत उतरलं आहे. मराठीत ‘कालपासून ताप आहे’ हा वर्तमानकाळ आहे, म्हणून ‘ॲम’ आलं. इंग्रजीत मात्र एखादी गोष्ट मागे सुरू होऊन आत्तापर्यंत चालत आली असेल आणि ‘कधीपासून’ किंवा ‘किती काळ’ सांगायचं असेल, तर नुसता वर्तमानकाळ चालत नाही. ‘हॅव बीन सफरिंग’ किंवा ‘हॅव हॅड अ फीव्हर’ लागतं. ‘हॅव हॅड’ पाहून घाबरू नका, ते बरोबर आहे. ओळख, मालकी, आवड अशा स्थितींना ‘बीन’ आणि ‘आयएनजी’ लागत नाही. ‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो’ म्हणजे ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स.’

‘सिन्स’ की ‘फॉर’? मराठीत दोन्हींना ‘पासून’च, म्हणून गोंधळ. यावर एक मराठी चाचणी आहे. वाक्यातून ‘पासून’ काढून टाका. वाक्य उभं राहिलं तर ‘फॉर’, पडलं तर ‘सिन्स’.

‘पाच वर्षांपासून इथे राहतोय’: ‘पाच वर्षं इथे राहतोय.’ उभं राहिलं. ‘फॉर फाइव्ह इयर्स.’

‘२०१९पासून इथे राहतोय’: ‘२०१९ इथे राहतोय.’ पडलं. ‘सिन्स २०१९.’

‘दोन तासांपासून वाट बघतेय’, ‘सोमवारपासून वाट बघतेय’ यांवर तुम्हीच करून पाहा. ‘फ्रॉम लास्ट टू डेज’ हा आणखी एक प्रकार कार्यालयांत फार चालतो. तो ‘गेल्या दोन दिवसांपासून’चा शब्दशः तर्जुमा आहे. ‘पासून’ काढलं तर ‘गेले दोन दिवस’ उरतं आणि वाक्य उभं राहतं, म्हणून ‘फॉर द लास्ट टू डेज’.

बसला आहे, झोपला आहे, नेसली आहे

इथे चांगलं इंग्रजी येणारेही फसतात. ‘तो खुर्चीवर बसला आहे’ याचं ‘ही हॅज सॅट’ करावंसं वाटतं. पण मराठीतलं हे ‘आहे’ झालेली कृती सांगत नाही, आत्ता दिसणारी स्थिती सांगतं. ‘ही इज सिटिंग.’ ‘बाळ झोपलंय’ म्हणजे ‘द बेबी इज अस्लीप’. ‘हॅज स्लेप्ट’ म्हटलं तर त्याची झोप पुरी झाली असं वाटेल. ‘तिने निळी साडी नेसली आहे’ म्हणजे ‘शी इज वेअरिंग अ ब्लू सारी’. ‘माझं लग्न झालंय’ म्हणजे ‘आय ॲम मॅरिड’. ‘भूक लागली आहे’ म्हणजे ‘आय ॲम हंग्री’.

खूण अशी: या क्षणी त्या माणसाचा फोटो काढला तर ती गोष्ट फोटोत दिसेल का? बसणं, झोपणं, नेसणं, उभं राहणं दिसतं, तिथे ‘इज’. ‘त्याने पत्र लिहिलं आहे’ फोटोत दिसत नाही, पत्र फार तर दिसेल. तिथे ‘हॅज रिटन’. भूक आणि लग्न फोटोत येत नाहीत हे खरं. त्या वाक्प्रयोगांची यादी छोटी आहे, ती तेवढी लक्षात ठेवायची.

याच घरातली दुसरी चूक ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम अग्री’. ‘मला माहीत आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मी सहमत आहे’ यांतला ‘आहे’ ‘ॲम’ होऊन बसतो. क्रियापदाला मराठीत ‘-तोय’ लावून बघा. ‘मला भाऊ असतोय’ होत नाही, म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ‘मी जेवतोय’ होतं, म्हणून ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर आहे. ‘मला वाटतं’ म्हणजे ‘आय थिंक’, ‘मी विचार करतोय’ म्हणजे ‘आय ॲम थिंकिंग’. ‘अग्री’ हे स्वतःच क्रियापद आहे, त्याला ‘ॲम’ची काठी नको: ‘आय अग्री’.

‘आला तर’ आणि ‘येईल तेव्हा’

मराठीत पुढच्या गोष्टीसाठी भूतकाळ सहज वापरतात. आईने हाक मारली की ‘आलोच!’ म्हणणारा अजून जागचा हललेला नसतो. इंग्रजीत ते ‘कमिंग!’ होतं. खुर्चीतून उठताना म्हटलेलं ‘निघतो मी’ आणि ‘निघालो मी’ दोन्ही ‘आय ॲम लीव्हिंग’.

‘तो आला तर सांगेन’ यात ‘आला’ पाहून ‘इफ ही केम, आय विल टेल हिम’ होतं. ‘तो येईल तेव्हा सांगेन’ यात ‘येईल’ पाहून ‘व्हेन ही विल कम’ होतं. दोन्ही ठिकाणी इंग्रजीला साधा वर्तमानकाळ हवा: ‘इफ ही कम्स’, ‘व्हेन ही कम्स’. भविष्याचा ‘विल’ मुख्य वाक्यात एकदाच. बिफोर, आफ्टर, अन्टिल, ॲज सून ॲज यांनंतरही हेच.

मग ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ बरोबर कसं? कारण तिथला ‘व्हेन’ वेगळा आहे. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, म्हणून तुमचं काम सोपं आहे. ‘जेव्हा-तेव्हा’चा ‘व्हेन’ असेल तर वर्तमानकाळ. ‘कधी’चा ‘व्हेन’ असेल तर ‘विल’ राहू द्या. तसंच ‘इफ’चं: ‘तर’चा ‘इफ’ असेल तर वर्तमानकाळ, ‘येईल की नाही माहीत नाही’ यातला ‘की नाही’ असेल तर ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’.

‘आला असता तर सांगितलं असतं’ यात मराठीत ‘असता’ दोन्हीकडे येतो, म्हणून इंग्रजीतही ‘वुड हॅव’ दोन्हीकडे पडतं. ‘तर’च्या बाजूला ‘हॅड’, दुसऱ्या बाजूला ‘वुड हॅव’: ‘इफ ही हॅड कम, आय वुड हॅव टोल्ड हिम.’

‘डिड’नंतर मूळ रूप

‘गेलो नाही’, ‘गेलास का?’ मराठीत नकार आणि प्रश्न आले तरी क्रियापद भूतकाळातच राहतं. म्हणून ‘डिड नॉट वेंट’, ‘डिड यू सॉ’. इंग्रजी एका क्रियापदाला भूतकाळाचा शिक्का एकदाच मारते. ‘डिड’वर तो पडला की पुढे कोरं रूप: ‘डिड नॉट गो’. ‘डझन्ट गोज’ची गत तीच, ‘एस’चा शिक्का ‘डझ’वर पडून गेलेला असतो. ‘टु’ आणि ‘कुड’ यांच्यापुढेही कोरंच: ‘वॉन्टेड टु गो’, ‘कुड गो’. प्रश्नातला ‘कोण’ किंवा ‘काय’ हाच कर्ता असेल तर ‘डिड’ येत नाही: ‘हू वेंट?’, ‘व्हॉट हॅपन्ड?’

आणखी दोन-तीन लहान गोष्टी आहेत. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ यात मराठी बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवते, इंग्रजी ते बदलते: ‘ही सेड ही वुड कम द नेक्स्ट डे.’ ‘ही सेड दॅट आय विल कम’ म्हटलं तर तुम्हीच येणार असा अर्थ होतो, आणि यावरून खरोखर गोंधळ उडतात. ‘आम्ही विटीदांडू खेळायचो’ म्हणजे ‘वी यूज्ड टु प्ले’. पण हे ‘यूज्ड टु’ फक्त भूतकाळातलं आहे. ‘रोज चालायला जातो’ याला ‘आय यूज टु गो’ नाही, नुसतं ‘आय गो’. आणि ‘दे गोज’ टाळा: मराठीत ‘जातो’चं अनेकवचन ‘जातात’ होऊन लांबतं, म्हणून ‘एस’ अनेकवचनाला जावासा वाटतो. इंग्रजीत तो एकट्या ‘ही, शी, इट’ला लागतो.

एक ईमेल, ओळीओळीने

‘आय हॅड सेंट यू द बिल ऑन मंडे. आय ॲम वेटिंग फॉर युअर रिप्लाय सिन्स थ्री डेज. येस्टरडे आय हॅव कॉल्ड युअर ऑफिस बट नोबडी डिड नॉट पिक्ड अप. व्हेन यू विल रिसीव्ह धिस मेल, प्लीज कन्फर्म.’

पहिलं वाक्य: ‘पाठवलं होतं’मधून ‘हॅड’ आलं. भूतकाळातली दुसरी गोष्ट नाही, ‘मंडे’ संपलेला आहे. ‘आय सेंट.’ दुसरं: वाट बघणं चालूच आहे आणि ‘तीन दिवस वाट बघतोय’ हे ‘पासून’शिवाय उभं राहतं. ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर थ्री डेज.’ तिसरं: ‘येस्टरडे’ आहे, ‘हॅव’ गेलं. ‘कुणीही उचलला नाही’ यातला नकार ‘नाही’मध्ये आहे, तिथून ‘डिड नॉट’ आलं. पण इंग्रजीत ‘नोबडी’मध्येच नकार आलेला आहे, म्हणून ‘डिड नॉट’ही गेलं आणि ‘पिक्ड अप’ राहिलं. चौथं: ‘मिळेल तेव्हा’, म्हणून वर्तमानकाळ.

‘आय सेंट यू द बिल ऑन मंडे. आय हॅव बीन वेटिंग फॉर युअर रिप्लाय फॉर थ्री डेज. आय कॉल्ड युअर ऑफिस येस्टरडे, बट नोबडी पिक्ड अप. व्हेन यू रिसीव्ह धिस मेल, प्लीज कन्फर्म.’

चूक परत येत असेल तर

सगळ्या चुका एकदम काढायला गेलं की बोलताना जीभ अडखळते आणि आठ दिवसांत कंटाळा येतो. एका आठवड्याला एकच चूक घ्या. पहिला आठवडा ‘हॅड’चा ठेवा, कारण ती चूक शोधायला सगळ्यात सोपी आहे. स्वतःच्या पाठवलेल्या ईमेलांत ‘हॅड’ हा शब्द शोधा, पहिली दहा वाक्यं उतरवा आणि प्रत्येकात भूतकाळातली दुसरी गोष्ट शोधा. ‘आय हॅड अ मीटिंग’सारखी वाक्यं सोडून द्या, तिथे ‘हॅड’ हे स्वतःच मुख्य क्रियापद आहे. दुसऱ्या आठवड्याला ‘सिन्स’, तिसऱ्याला ‘डिड नॉट’, मग ‘हॅव’.

बोलण्यासाठी मोबाइलवर दोन मिनिटं आवाज रेकॉर्ड करा. विषय एकच: काल दिवसभर काय केलंत. ‘काल’ संपलेला आहे, म्हणजे जवळजवळ सगळी क्रियापदं साध्या भूतकाळात यायला हवीत. रेकॉर्डिंग ऐकत ‘हॅव’ आणि ‘हॅड’ किती आले ते कागदावर मोजा, आणि तीच दोन मिनिटं लगेच पुन्हा बोला. दुसऱ्या दिवशी विषय बदला: गेल्या पाच वर्षांत घरात काय काय बदललं? इथे वेळ आत्तापर्यंत पसरलेली आहे, म्हणून ‘हॅव’ भरपूर यायला हवा. पण एखाद्या बदलाचं साल सांगितलंत की त्या वाक्यापुरता साधा भूतकाळ.

अनियमित क्रियापदांची तीन रूपं ‘गो, वेंट, गॉन’ अशी पाढ्यासारखी म्हटली तर बोलताना तोंडात पहिलं जे येईल ते निघतं. रोज पाच क्रियापदं घ्या आणि प्रत्येकाची दोन वाक्यं मोठ्याने म्हणा, एक ‘येस्टरडे’चं, एक ‘हॅव’चं: ‘आय वेंट येस्टरडे’, ‘ही हॅज गॉन आउट’. नियमित क्रियापदांच्या शेवटच्या ‘ईडी’चा उच्चारही तेव्हाच नीट करा. ‘वॉकेड’ नव्हे, ‘वॉक्ट’. ‘कॉलेड’ नव्हे, ‘कॉल्ड’. स्वतंत्र ‘इड’ ऐकू येतो तो फक्त मूळ क्रियापदाचा शेवट ‘ट’ किंवा ‘ड’च्या आवाजाने होत असेल तेव्हा: ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’.